आधी हात, मग तोंड

"आधी हात, मग तोंड! पाठीला हात लागायच्या आधी जिच्या तोंडातनं खो निघंल, तिची जीभ खांबाला बांधून ठेवीन मी!"

ऐवळेबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. पण दुर्वा लिगाडेचं पाऊल सकाळी मैदानात पडलं, की बाईंचा तो खडा आवाज तिच्या कानात उठायचाच. सांगोल्याच्या शाळेत बाईंनी तिला आणि केतकी बंडगरला पाचवीपासून खो-खो शिकवला होता. बसलेल्या खेळाडूच्या पाठीला आधी हात लागला पाहिजे, आणि मगच 'खो' उच्चारला पाहिजे. दोन्हींच्या मधे केसाइतकंच अंतर, पण क्रम मात्र चुकायचा नाही. चुकला की फाऊल.

बाईंचा हा नियम मैदानापुरता नव्हता. एखादी पोरगी म्हणाली, "बाई, उद्यापासनं मी रोज लवकर येते," तर बाई शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणायच्या, "आधी ये. मग सांग."

आता दोघी माणतीर महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होत्या. दुर्वा पदार्थविज्ञानाची, केतकी वाणिज्यची. दुर्वा संघाची कर्णधार, आणि केतकी चौथ्या पाटीवर, म्हणजे रांगेतल्या चौथ्या जागेवर बसणारी, उठली की वाऱ्यासारखी सुटणारी. वसतिगृहात एकच खोली. दुर्वा पहाटे उठून आंघोळ करून एक माळ जप करायची. माळ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा नेम. केतकी तेवढ्या वेळात पांघरुणातून डोकं बाहेर काढून म्हणायची, "देवाला माझंबी सांग गं, इंटर्नलला पास कर म्हणावं." दुर्वा बोलू शकत नाही हे ठाऊक असल्यामुळे तिला जास्तच चेव यायचा.

आणि दोघींच्याही गळ्याशी, हाडांच्या खळग्यात, एक टिकली असायची.

तिचं कागदोपत्री नाव 'रक्षक'. मुलींनी टिकली म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव सगळीकडे झालं. तीन उन्हाळ्यांपूर्वी एका मैदानी स्पर्धेत दोन मुलं ऊन लागून कोसळली होती. त्यानंतर विद्यापीठानं प्रत्येक खेळाडूला ही टिकली सक्तीची केली. नखाएवढी, पातळ, चामडीच्या रंगाची. ती घामातलं मीठ मोजायची, हृदयाचे ठोके मोजायची, स्नायूंमधून जाणारे विजेचे बारीक झटके टिपायची. कुणाला भोवळ येणार असली तर पाच मिनिटं आधी प्रशिक्षकाच्या पडद्यावर लाल दिवा लागायचा. तिच्यामुळे खरोखरच जीव वाचले. दुर्वालाही एकदा तिनंच वेळेवर सावलीत बसवलं होतं.

पण जे यंत्र भोवळ पाच मिनिटं आधी ओळखतं, ते आणखीही काही आधी ओळखतंच की.

माणूस बोलतो तेव्हा आवाज सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी मेंदू गळ्याला निरोप धाडतो, गळ्याचे स्नायू आवळतात, छातीत श्वास थबकतो. या तयारीला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. टिकली नेमकी त्या वाटेवरच बसलेली. खेळाडू खो द्यायचं मनात आणते, कुठल्या बाजूला झुकते, हे टिकलीला हात हलायच्या आधी कळायचं. हजारो सामन्यांच्या नोंदी घोटून घोटून यंत्र इतकं तरबेज झालं, की पुढची तीन-चार वळणंही ते शंभरात ऐंशी वेळा बरोबर सांगू लागलं. बाईंचा नियम टिकलीनं उलटा केला होता. तिला आधी तोंड कळायचं, मग हात.

हे ज्ञान विद्यापीठानं एका कंपनीला दिलं आणि कंपनीनं 'होरा' काढला.

होरा हा फोनवरचा खेळ. कुठल्याही महाविद्यालयाचा सामना चालू झाला की सात सेकंदांसाठी एकेक प्रश्न उघडायचा. पुढचा खो कितव्या पाटीला? धावणारी खांबाच्या डावीकडून सुटेल की उजवीकडून? यंत्र आपला अंदाज आकड्यात दाखवायचं आणि पोरांनी यंत्राच्या बाजूनं किंवा विरुद्ध पैज लावायची. काही पैजा, जसा डावातला पहिला खो, सामन्याच्या कित्येक दिवस आधीही लावता यायच्या. पैशाच्या खेळांना कायद्यानं बंदी होती, म्हणून होरात पैसा नव्हताच. पैज श्रेयांकांची. उपक्रम, क्रीडा, समाजसेवा यांचे जे श्रेयांक पदवीसाठी मिळतात, तेच पणाला लावायचे. "यात पैसा कुठंय? मग जुगार कसला? हा तर तर्कशक्तीचा विकास," असं प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लिहिलेलं होतं. रोज संध्याकाळी पाच ते सहा सगळे सामने व्हायचे, आणि त्या तासाला वाचनालयात, उपाहारगृहात, प्रयोगशाळेच्या जिन्यात नुसती खाली घातलेली डोकी दिसायची.

"ए कॅप्टन!" एकदा उपाहारगृहात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा ओरडला. "काल शेवटचा खो सहाव्या पाटीला का दिलास? होरा सातवी सांगत होता! माझे दोन श्रेयांक गेले की!"

"गडी सहाव्यापाशी होता," दुर्वा म्हणाली.

"अगं, पण लोकांचा काही विचार?"

सगळे हसले. दुर्वानं वडापावची प्लेट उचलली आणि दुसऱ्या टेबलावर गेली. हसली नाही ती एकटी केतकीच. दुर्वाला तेव्हा वाटलं, माझ्या बाजूनं आहे म्हणून हसली नाही.

कळलं ते आंतरविभागीय अंतिम सामन्याच्या पाच दिवस आधी. क्रीडासाहित्याच्या खोलीत दुर्वा फक्कीची पोती मोजत होती. केतकी आत आली, दार लोटून त्याला पाठ लावून उभी राहिली.

"दुर्वे, एक मागते. नाही म्हणू नको."

"आधी माग तरी."

"फायनलला दुसऱ्या डावात आपण पाठलागाला बसलो, की तुझा पहिला खो चौथ्या पाटीला दे. मला."

"देतेच की मी बहुतेक वेळा."

"बहुतेक नको. दे."

दुर्वानं हातातली पांढरी भुकटी झटकली. मग हळू आवाजात विचारलं, "किती लावलेस?"

"होते नव्हते तेवढे सगळे." केतकी हसल्यासारखं करायला गेली, ते जमलं नाही. "आधी दुसऱ्यांच्या सामन्यावर लावायचे. मग आपल्या. मग तुझ्यावर. तुझं मला यंत्रापेक्षा जास्त कळतं ना! तू गोंधळलीस की डावा खांदा पाडतीस. रागावलीस की लांबचा खो देतीस. पहिले दोन महिने नुसती जिंकत होते गं मी. मग जायला लागले. आता हे गेले तर वर्ष गेलं माझं. दादा म्हणतोय, वर्ष गेलं तर घरी ये, बास झालं शिक्षण."

"सोडता येत नव्हतं?"

केतकीनं गळ्याशी बोट नेलं. "ही सोडू देती का? थोडक्यात हुकलं ना, एका पाटीनं, की छातीत जिंकल्यासारखंच धडधडतं. ते हिला कळतं. नेमकं त्याच टायमाला फोन वाजतो. 'केतकी, अगदी जवळ होतीस. आणखी एकदा?' मी थंड असते तेव्हा कधी वाजत नाही बघ. एकदाबी नाही."

दुर्वा पोत्यावर बसली. माणसाचा हात कधी सैल पडतो ते आधी ओळखायचं आणि त्याच वेळी पुढ्यात फासे ठेवायचे, असलं काम कुणा अड्डेवाल्यालाही इतकं नेमकं जमलं नसतं.

"तू हरायला सांगत नाहीयेस, हे कळतं मला," ती म्हणाली. "पण खो मी गडी बघून देणार. तुझी पैज बघून नाही."

"एक खो, दुर्वे! शाळेपासनं पहिला खो तू मलाच देत आलीस!"

"म्हणूनच नाही. ते तू विकलंस."

केतकीचा चेहरा फटका बसल्यासारखा झाला. दुर्वाला स्वतःचं बोलणं टोचलं, पण तिनं ते मागं घेतलं नाही. पुढं म्हणाली, "वर्ष वाचवणं माझ्या हातात नाही. पण पाच ते सहा या तासाला मी तुझ्याजवळ बसेन. रोज. तो फोन वाजेल तेव्हा मी असेन. तू कुठंही असलीस तरी."

केतकीनं दार उघडलं. जाता जाता मान वळवून बाईंच्या आवाजात म्हणाली, "आधी ये. मग सांग."

त्या दिवसापासून खोलीत दोघी असायच्या, पण बोलणं बंद. पाच वाजले की केतकी फोन घेऊन कुठं जायची ते दुर्वाला सापडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षक कदमसरांनी तिला पडदा दाखवला. "लिगाडे, तुझी टिकली बदलून घे. रोज पहाटे पाच ते सव्वापाच नुसता कचरा दाखवती. गळ्याची रेघ बघ कशी झालीय."

दुर्वानं बघितलं. एरवी संथ असणारी रेघ तेवढ्या वेळात दाट, बारीक काट्यांनी भरून गेली होती. त्यातून काहीच वेगळं काढता येत नव्हतं.

पाच ते सव्वापाच. जप.

ती मनातल्या मनात नाम घ्यायची. आवाज नाही, ओठही जेमतेम हलायचे. पण गळ्याला मनातलं आणि मोठ्यानं यातला फरक कळत नाही. शब्द मनात उमटला तरी स्नायू किंचित आवळतातच. एकामागून एक नाम चाललं की त्या गर्दीत दुसरा कुठला शब्द येऊ घातलाय ते शोधणं म्हणजे जत्रेत एकाची हाक ऐकण्यासारखं. पदार्थविज्ञानात त्याला गोंगाट म्हणतात. दुर्वाला ते नाव आवडलं नाही, पण नियम पटला.

"टिकली चांगली आहे सर," ती म्हणाली. "राहू दे."

दुपारी तिनं सगळ्या मुलींना खांबापाशी गोल बसवलं. केतकी येऊन एका कडेला बसली. दुर्वानं काय करायचं ते सांगितलं. पळताना, बसलेलं असताना, सारखं काहीतरी मनात म्हणत राहायचं. थांबायचं फक्त खो म्हणण्यापुरतं. टिकली निघणार नाही, नियम मोडणार नाही. नुसतं आपल्या मनातलं आपल्याकडं राहील.

"मी माझं घेईन," नसरीन मुलाणी म्हणाली. "आजोबांनी शिकवलंय, तस्बीची माळ लागत नाही मला."

"मला देवाचं काय येत नाही बाई," भाग्यश्री म्हणाली. तिचे वडील एसटीत वाहक. "मी थांबे म्हणू का? पार मिरजेपर्यंत पाठ आहेत."

"म्हण की."

"मी एकोणतीसचा पाढा म्हणते. मास्तरांनी त्याच्यापायी लय मारलंय, वसूल तरी होईल."

एकजण जात्यावरच्या ओव्या म्हणणार होती, एकजण मावशीची पुरणपोळीची कृती. हसून हसून पोरी फक्कीत लोळल्या. केतकी उठून निघून गेली.

अंतिम सामना पाच वाजता सुरू झाला. मंडपाखाली दीड-दोन हजार मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात उजळलेला फोन. पहिल्या डावातच कुजबूज सुरू झाली. होराचा आकडा ऐंशीवरून पंचावन्न, पंचावन्नवरून चाळीसवर उतरला. शेवटी तर आठ पाट्यांपैकी कुठलीही, असं सांगू लागला. "अरे, नेट गेलं का?" कुणीतरी ओरडलं. मैदानात मुलींचे ओठ नकळत हलत होते. आठजणी बसलेल्या, एक पळणारी. धावणाऱ्या मुली सरळ रेषेवर बसलेल्या आठ पाठींमधून साप सळसळावा तशा निसटत होत्या. खो, खो, खो. तीनच आवाज मैदानात मोठे होते, पाय, शिट्टी आणि खो.

दुसरा डाव. दुर्वा खांबापाशी उभी राहिली. नाम चालू होतं. चौथ्या पाटीवर केतकी बसलेली, पाठमोरी, खांदे ताठ. एवढ्या गर्दीत तिचे ओठ तेवढे मिटलेले असणार, हे दुर्वाला न बघता कळलं.

शिट्टी झाली. समोरच्या संघाची लाल फीतवाली मुलगी तिसऱ्या पाटीपर्यंत सरळ आली, पाचवीकडे जाते असं दाखवलं आणि चौथीच्या पलीकडे वळली. चौथी आणि फक्त चौथीच. डोळे मिटूनही कुणी दिला असता तो खो.

दुर्वाच्या मनातलं नाम क्षणभर अडखळलं. दिला तर केतकीची पैज जिंकते. पाचवीला दिला तर हरते. आणि तेवढ्यात तिला उमगलं, की तो टाळला तर तोही होरासाठीच टाळलेला असेल. गडी चौथ्यापाशी आहे. बाकी सगळं मंडपातलं.

तिनं हात पुढं केला. हात आणि पाठ यांच्यात वीतभर अंतर उरलं असेल, आणि केतकी उठली.

हात लागला नव्हता. खो निघाला नव्हता. मनातल्या मनात केतकीनं तो आधीच ऐकला होता.

शिट्टी. फाऊल.

लाल फीत लांब निघून गेली. नियमाप्रमाणे दुर्वाला उलट दिशेनं वळावं लागलं. केतकी पाटीवर परत बसली. तिनं मागं बघितलं नाही. होरात फक्त बरोबर दिलेला खो मोजतात. दुर्वाचा पहिला खरा खो त्यानंतर दुसऱ्या पाटीला गेला.

डाव संपायला दीड मिनिट असताना चौथी पाटी पुन्हा वाटेत आली. दुर्वा मागून आली तेव्हा केतकी हलली नाही. थांबली. दुर्वाचा तळवा तिच्या पाठीला टेकला, आणि त्या केसभर अंतरात, खो म्हणायच्या आधी, तिला पाठीतून एक बारीक गुणगुण लागली. घागरीला कान लावला की लागते तशी. केतकीही काहीतरी म्हणत होती.

"खो!"

केतकी सुटली आणि लाल फीत खांबापाशी टिपली.

तरीही सामना त्या एका गुणानं हरल्या. होरा मात्र पूर्ण सामना हरला.

चार दिवसांनी दुर्वाला बोलावणं आलं. खोलीत क्रीडा विभागाचे मुख्य पाटसकरसर होते आणि पांढरे बूट घातलेला, कंपनीकडून आलेला एक तरुण.

"खेळताना काय पुटपुटत होतीस?" सरांनी विचारलं.

"नाम घेत होते, सर."

"नऊच्या नऊजणी?"

"नाही सर. नसरीन तिचं घेत होती. भाग्यश्री एसटीचे थांबे म्हणत होती. पुरणपोळी करणारी एकच होती."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पांढरे बूट मात्र गंभीर होते. "हे हेतुपुरस्सर होतं का?"

"नाम चुकून घेतलं जातं का?"

"करारात स्पष्ट आहे," तो म्हणाला, "खेळाडूनं डेटा बिघडवायचा नाही. टिकलीला खरी माहिती मिळाली पाहिजे."

"खरीच मिळाली," दुर्वा तितक्याच हळू म्हणाली. "माझ्या गळ्यात जे होतं तेच तिला मिळालं. ते तुम्हाला विकता आलं नाही, एवढंच."

"लिगाडे, हे बघ," सर पुढं झुकले. "लेखी माफी दे. पुन्हा करणार नाही म्हण. नाहीतर एक वर्ष मैदान बंद. तुझं खेळायचं वय आहे, पोरी."

दुर्वानं कागद वाचला. पूर्ण वाचला. मग टेबलावर ठेवला.

"माझं कुठं चुकलं ते सांगा, मी आत्ता माफी मागते. मैदानात एकच चूक झाली सर, तिची शिट्टी तिथंच वाजली. टिकली ऊन लागू नये म्हणून होती, म्हणून मी लावली. उद्या पुन्हा द्या, पुन्हा लावीन. आणि पुन्हा नाम घेईन."

तो तरुण उठला आणि हात पुढं करून म्हणाला, "मग टिकली जमा कर."

तिनं गळ्याशी नख घातलं आणि टिकली सोलून त्याच्या तळहातावर ठेवली. इवलीशी, घामेजलेली. तिच्या जागी गोल फिकट डाग राहिला.

बाहेर आली तर नसरीन जिन्यात उभी. "काय झालं?"

"एक वर्ष."

"आम्हीपण माफी लिहिणार नाही," नसरीन म्हणाली. मग फोन पुढं केला. कुठल्याशा गावचा मुलांचा कबड्डीचा सामना चालू होता. चढाई करणारा पोरगा रेषेवर उभा, आणि त्याच्याच नव्हे, मागं हात धरून उभ्या असलेल्या साऱ्यांचेच ओठ हलत होते. वरच्या कोपऱ्यात होराचा आकडा पंधरावर आला होता. "ह्यांना कुणी सांगितलं गं?"

"आपण सांगितलं नाही," दुर्वा म्हणाली. "करून दाखवलं."

खोलीत केतकीची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा दादा मोटारसायकलवरून ट्रंक घेऊन गेला होता. तिचं गाव माणेवाडी, नऊ किलोमीटर. जाताना तिनं एकदा फक्त दुर्वाच्या माळेकडं बघितलं होतं. गेल्या तीन दिवसांत दुर्वानं कितीदा तरी फोन हातात घेतला होता, 'येते' असं लिहिलं होतं आणि खोडलं होतं.

घड्याळात सव्वाचार वाजले होते. पाच वाजता माणेवाडीतही तो फोन वाजणार होता. महाविद्यालय सोडताना केतकीची टिकली निघाली तरी खाज लगेच निघत नाही, हे दुर्वाला कळत होतं. त्या तासाला शेजारी कुणी असलं तर निघेल का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. एक दिवस पुरेल की दोनशे लागतील, हेही नाही. पण नेम घेताना माळ कितव्या दिवशी फळेल ते कुणी विचारत नाही.

तिनं माळ खांद्याच्या पिशवीत टाकली, भाग्यश्रीची सायकल मागून घेतली, हवा बघितली. फाटकातून बाहेर पडताना उपाहारगृहातून हाक आली, "ए कॅप्टन, कुठं?"

ती थांबली नाही. आता ती कुठं वळणार, हे कुणालाच आधी कळणार नव्हतं.

रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंनी डाळिंबाच्या बागा. केतकीला कळवलं नव्हतं, आणि पोचल्यावर काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. मागून जायचं, पाठीवर हात ठेवायचा. बाकी मग.